चोवीस फुलांची गोधडी
(निधीसंकलनाच्या संध्याकाळी महिला गटाच्या वतीने केलेलं भाषण)



आज लिलावात सगळ्यात शेवटी एक गोधडी येणार आहे. तिच्याविषयी दोन शब्द बोला म्हणून आम्हाला इथे उभं केलं आहे. आम्ही म्हणजे दर शुक्रवारी बेसमेंटमध्ये जमणाऱ्या सहाजणी. चहा, चिवडा आणि सुईदोरा, एवढाच आमचा कार्यक्रम.

सुरुवात झाली एका इस्टेट सेलमध्ये. काचेची भांडी बघायला गेलो आणि बुटांच्या एका खोक्यात हाताने शिवलेली २४ कापडी फुलं सापडली. मध्ये एक पिवळा षटकोन, त्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. एका फुलात १९ तुकडे, म्हणजे सगळे मिळून ४५६! या नमुन्याला इथे ‘ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन’ म्हणतात. आजीची बागच म्हणा ना. १९३०च्या दशकात, महामंदीच्या दिवसांत, हा नमुना अमेरिकेत फार लोकप्रिय होता. तेव्हा पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून यायचं. गिऱ्हाइकाला भुरळ पडावी म्हणून पोत्यांवर फुलापानांची नक्षी छापायला लागले. बायका ती पोती उसवून मुलींचे फ्रॉक शिवायच्या आणि उरलेल्या चिंध्या गोधडीत जायच्या. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचं जे केलं, तेच.

शिवणारीचं नाव खोक्यावर कुठेच नव्हतं. दोन फुलांच्या पाठीला वर्तमानपत्राचे षटकोनी कागद मात्र अजून टाचलेले होते. एकावर अंड्यांचा भाव होता!

आता आमची चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. फुलांवर पिवळे डाग होते, कोंदट वास येत होता. उत्साहाच्या भरात आम्ही तीन फुलं एकाच बादलीत भिजवली आणि थोडी चोळलीसुद्धा. दहा मिनिटांत लाल फुलाचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला, आणि कडांची माया सुटून दोरेच दोरे झाले. सगळ्यांची तोंडं पडली. ऐंशी-नव्वद वर्षं टिकलेली वस्तू आपण दहा मिनिटांत घालवली, असं वाटलं. एक गोष्ट नशिबाने बरोबर केली. फुलं वाळू दिली नाहीत. वाळलं की उतरलेला रंग पक्का बसतो. रात्रभर गार पाणी बदलत राहिलो. बराचसा रंग निघाला, थोडी गुलाबी झाक उरली.

त्यानंतर शहाणपण आलं. आधी प्रत्येक रंगावर ओलं पांढरं कापड दाबून बघायचं, साध्या पाण्याने आणि साबणाच्या पाण्यानेही. रंग लागला तर ते फूल भिजवायचंच नाही, नुसती हवा द्यायची. बाकीची आम्ही मऊ जाळीच्या दोन तुकड्यांमध्ये एकेक टाचली, म्हणजे कडा उसवत नाहीत. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि हाताने नुसतं हलकं दाबायचं. चोळायचं नाही, पिळायचं नाही. क्लोरीनच्या ब्लीचला तर हातच लावायचा नाही, त्याने जुना सुती धागा कुजतो. साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळायचं, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनाने टाके तुटतात. इस्त्री धुतल्यावरच आणि उलट बाजूने, कारण उष्णतेने डाग पक्का होतो.

एका फुलावरून आमच्यात चक्क वाद झाला. त्याचे टाके मोठे, वेडेवाकडे. शिकणाऱ्या मुलीचे असतील, किंवा दिसेनाशा झालेल्या म्हातारीचे. काहीजणी म्हणाल्या, “हे उसवून नीट शिवू या. लिलावात ठेवायचंय, चांगलं दिसायला हवं.” तेव्हा आमच्यातल्या काकू हळूच म्हणाल्या, “माझ्या आईची गोधडी गावाला होती. घरच्यांनी चांगल्या हेतूनेच मशीनमध्ये धुतली. तिचे तुकडे झाले, फेकून दिली. वाकड्या टाक्याचं एक ठिगळ जरी मला मिळालं असतं ना, तरी मी फ्रेम करून लावलं असतं.” पुढे कोणी काही बोललं नाही. ते फूल आहे तसंच ठेवलं.

मग मांजरपाट आणला. इथे ज्याला मस्लिन म्हणतात ते म्हणजे आपली मलमल नव्हे, मांजरपाटच. तो आटतो, म्हणून आधी धुऊन घेतला. अकरा-अकरा इंचांच्या चौकोनांवर एकेक फूल बारीक टाक्यांनी बसवलं. दोन षटकोन पार विरले होते. ते काढले नाहीत, त्यांच्यावर जुन्याच कापडाचे नवे षटकोन शिवले. चार रांगा रुंदीला, सहा लांबीला. खाली सुती बॅटिंग आणि अस्तर, तिन्ही थर टाचून घेतले, आणि प्रत्येक शिवणीपासून पाव इंच आत धावदोरा घातला. सहाजणींचे सहा तऱ्हेचे टाके! शेवटी निळा गोट. या सगळ्याला एक हिवाळा लागला.

गोधडीच्या पाठीवर आम्ही एक चिंधी शिवली आहे. त्यावर लिहिलं आहे: ‘फुलं १९३०च्या दशकातल्या नमुन्याची, शिवणारीचं नाव माहीत नाही. गोधडी पुरी केली सहाजणींनी.’

जो कोणी ही गोधडी घेईल त्याला एवढीच विनंती, की ती प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा आणि अधूनमधून घडी बदला. आणि तुमच्या घरी आजीची गोधडी असेल, तर धुवायच्या आधी आमच्याकडे घेऊन या. चहा-चिवडा आमच्याकडून.

या लिलावाचे सगळे पैसे दुष्काळी भागातल्या मुलींच्या वसतिगृहाला जाणार आहेत. तिथे पहिली खरेदी पांघरुणांचीच व्हायची आहे. म्हणजे त्या अनोळखी बाईने कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यातून वाचवलेली ऊब आता आपल्याकडच्या मुलींपर्यंत पोचेल. तेव्हा मंडळी, बोली लावताना हात जरा सैल सोडा!

आणि हो, गुलाबी झाक असलेलं फूल खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे. ती चूक आमची. ते वाकडं फूल कुठे आहे, ते मात्र घेणाऱ्यानेच शोधायचं.