मेंदूची इजा : स्वभाव नव्हे, लक्षण

(मासिक बैठकीतील भाषण, थोडे संक्षिप्त करून)

मी डॉक्टर नाही, संशोधक आहे. त्यामुळे उपचार सांगणार नाही. घरच्यांनी काय ओळखावं आणि मदत कुठे मागावी, एवढंच बोलतो.

मेंदूची इजा म्हणजे फक्त मोटारीचा अपघात नव्हे. जिन्यावरून पडणं, पक्षाघात, मेंदूज्वर, गाठ, हृदय बंद पडल्याने प्राणवायू न मिळणं, हे सगळं त्यात येतं. ब्रिटनमध्ये यासाठी वर्षाला सुमारे साडेतीन लाख वेळा रुग्णालयात दाखल करावं लागतं.

टाके निघतात, माणूस चालू-बोलू लागतो आणि आपण म्हणतो, ‘सुटलो!’ खरी अडचण तिथून सुरू होते. कपाळामागचा भाग कामाची सुरुवात, आखणी आणि रागाला आवर घालणं सांभाळतो. तो दुखावला की अंघोळीला उठणंही सुचत नाही, क्षुल्लक कारणाने भडका उडतो, तासभर गप्पा मारून माणूस गळून जातो. आपण म्हणतो, ‘आळशी झालाय’. तो म्हणतो, ‘मला काही झालेलं नाही’. हा हट्ट नसतो. स्वतःतला बदल ओळखण्याची क्षमताच अनेकदा दुखावलेली असते.

१८४८ साली अमेरिकेत फिनिअस गेजच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. त्याचा स्वभाव बदलला, हे पाठ्यपुस्तकात असतं. पुढे तो चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकत होता, हे कमी सांगितलं जातं. ठरलेल्या दिनक्रमाने तो सावरला असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

आता मदतीविषयी. जीपीकडे न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या तपासणीसाठी आणि पुनर्वसनासाठी आग्रह धरा. आई-वडिलांसाठी मराठी दुभाषा मागा. एनएचएसमध्ये त्याचे पैसे पडत नाहीत. नातवंडांवर ते काम टाकू नका. ‘हेडवे’ ही संस्था १९७९पासून याच क्षेत्रात आहे. तिची हेल्पलाइन मोफत आहे, गावोगावी गट आहेत. अडखळत बोलणाऱ्याला लोक दारुडा समजतात, म्हणून ती ओळखपत्रही देते.

इंग्लंडमध्ये २०१४च्या केअर अ‍ॅक्टनुसार काळजी घेणाऱ्या व्यक्तीच्या गरजांचीही पाहणी कौन्सिलकडे मागता येते. आपल्याकडे बहुधा बायकोच हे ओझं वाहते आणि सेवा हे कर्तव्य मानून काही मागत नाही. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दुखणं झाकलं जातं. समतेच्या गोष्टी करणाऱ्या आपण हे चालू देता कामा नये.

असं घर माहीत असेल तर ‘बरा झाला का?’ एवढं विचारून थांबू नका. शनिवारी दोन तास त्याच्याजवळ बसा आणि तिला बाहेर पडू द्या.