भिंत कोणासाठी?

निराधार वा उपेक्षित मुलांसाठी बालगृह उभारायचे ठरले की, प्रथम कुंपणाच्या भिंतीचा विचार होतो. मूल पळून जाऊ नये, ही चिंता खरीच असते. परंतु त्याला राहावेसे वाटेल असे आत काय असेल, हा प्रश्न नकाशावर क्वचितच उमटतो.

या प्रश्नाचे मोल महाराष्ट्राने तरी ओळखायला हवे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्म हाच गुन्हा ठरविला. सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड मुले लहानाची मोठी झाली. १९५२ साली कायदा रद्द झाला; भीती मात्र घरोघर उरली. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीच्या माळावर १९९३ साली पारधी व अन्य भटक्या-विमुक्त मुलांसाठी निवासी शिक्षणाचे काम सुरू झाले, तेव्हा प्रश्न केवळ छपराचा नव्हता. पालावर वाढलेल्या मुलाला चार भिंती आपल्याशा वाटाव्यात, हे खरे आव्हान होते.

बाल न्याय कायद्याची २०१६ ची आदर्श नियमावली पंचवीस मुलांच्या शयनगृहासाठी १००० चौरस फूट जागा सांगते. म्हणजे प्रत्येक मुलाला ४० चौरस फूट. संस्था तुरुंगासारखी दिसता कामा नये, असेही ती बजावते. पहिली अट फूटपट्टीने मोजता येते. दुसरी मोजण्यासाठी मुलाच्या उंचीएवढे वाकावे लागते.

त्या उंचीवरून पाहिले की गोष्टी साध्या वाटतात. न्हाणीघराला आतून लागणारी कडी. रात्री स्वच्छतागृहाच्या वाटेवर तेवणारा दिवा. स्वतःच्या किल्लीचे छोटे कपाट. मनातले बोलता यावे, बाहेर ऐकू जाऊ नये, अशी एक खोली. भाकरीचा वास अंगणापर्यंत पोहोचेल असे स्वयंपाकघर. ज्या मुलाचे सर्वस्व एकदा हिरावले गेले आहे, त्याला या प्रत्येक वस्तूतून एकच आश्वासन मिळते : येथे तुझे काही आहे.

देणगीदाराचे नाव दर्शनी भिंतीवर कोरले जाते. मुलाचे नाव निदान त्याच्या कपाटावर असावे. पुढील भेटीत कार्यकर्त्याने कार्यालयातील खुर्चीवर टेकण्याआधी मुलाच्या अंथरुणावर क्षणभर बसावे. तेथून आकाश दिसते की केवळ भिंत, यावरून त्या वास्तूची परीक्षा होईल.