थंड गाडीचा धूर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



माझं सारं आयुष्य बँकेत गेलं, मी इंजिनिअर नव्हे. तरी गाडीवर बोलतोय, कारण या प्रकरणात गुन्हेगार मीच आहे.

माझी पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. सकाळी चोक ओढायचा, इंजिन दहा मिनिटं तापू द्यायचं, तोवर काचा पुसायच्या. ती गाडी गेली, सवय राहिली. इथे स्टिल्टमध्ये नवी गाडीही मी रोज तशीच तापवत असे. बरोब्बर वर पहिल्या मजल्याची खिडकी. एके दिवशी तिथल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमची गाडी सुरू झाली की मी बाळाला आतल्या खोलीत नेते."

मी ऐटीत पीयूसी दाखवलं! नंतर गॅरेजवाल्याने समजावलं, की साहेब, पीयूसीला गाडी चालवत नेता, तेव्हा ती गरम असते. सकाळच्या धुराचा हिशोब त्यात येतच नाही.

हिशोब असा. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते जास्त सोडावं लागतं. पूर्वी हे काम चोक करायचा, आता कॉम्प्युटर करतो. त्यातलं काही न जळताच बाहेर पडतं, शिवाय कार्बन मोनॉक्साइड. हे विष निवारायला सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आपल्या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो 1995 पासून सक्तीचा झाला. पण तो साधारण 250 ते 300 अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणजे शिपाई ड्यूटीवर येण्याआधीच तिजोरी उघडी! युरोपातही पूर्वी चाचणीत सुरुवातीची 40 सेकंदं धूर मोजतच नसत. ती सवलत 2000 साली युरो 3 मध्ये काढली.

आणि उभ्या गाडीत कन्व्हर्टर सावकाश तापतो, हळू चालवली तर लवकर. म्हणून मी आता काचा आधी पुसतो, मग स्टार्टर मारतो, आणि अर्ध्या मिनिटात गेटबाहेर. नाक्यावर भाजीला गाडी नेणं तर बंदच केलं. तेवढ्या अंतरात कन्व्हर्टर जेमतेम जागा होतो. (गुडघे कुरकुरतात, तो भाग वेगळा.)

वहिनींचं बाळ आता कॉलेजात जातं. परवा सकाळी माझ्याच खिडकीखाली बाइक उभी करून रेस करत होतं. मी वरून हाक मारली, "बाळा, आईला विचार, मी काय करायचो ते!"