चर्चेत श्रोत्यांनाही जागा हवी

(गुंजी येथे गणेशोत्सवातील सायंकाळच्या सभेत केलेले भाषण)

गणपती बाप्पा मोरया!

वडीलधारी मंडळी, माता-भगिनी आणि मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या तरुण मित्रांनो,

गेली काही वर्षे उत्सवातील चर्चासत्राची जबाबदारी आमच्याकडे आहे. त्यामुळे त्यात जे चुकते तेही आमचेच.

गेल्या वर्षीचा विषय होता, सीमाभागातील मराठीचे भवितव्य. चार वक्ते दोन तास बोलले, चांगले बोलले. शेवटी एका सूनबाईंनी हात वर केला. "माझा मुलगा इंग्रजी शाळेत जातो. मराठी बोलतो, पण आजोबांचं पत्र त्याला वाचता येत नाही. मी कुठून सुरुवात करू?" आम्ही घड्याळ पाहिले आणि आभारप्रदर्शन पुकारले. आरती राहिली होती, पाऊस वाढला होता. सबबी पुष्कळ होत्या. पण ज्या घरात ते भवितव्य घडते आहे, तिथल्या प्रश्नाला आम्ही पाच मिनिटे दिली नाहीत. हे मनाला लागून राहिले.

सभेतील बोलण्याला आपल्याकडे मोठा वारसा आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. लोकमान्यांनी 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, तेव्हा आरतीबरोबर व्याख्यानही मंडपात आले. 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावला साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. आजही कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी ही गावे आपापली संमेलने भरवतात. ऐकणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना बोलायची सोय आपण करत नाही.

म्हणून आमच्या काही सूचना.

पहिली, वेळेची. वक्ते दोनच, प्रत्येकी पंधरा मिनिटे. उरलेला वेळ श्रोत्यांचा.

दुसरी, प्रश्नपेटीची. सासऱ्यांसमोर उभे राहून बोलणे सगळ्यांनाच जमत नाही. मंडपाच्या दाराशी पेटी ठेवावी, चिठ्ठीवर नाव घालण्याची सक्ती नसावी.

तिसरी, बैठकीची. उंच व्यासपीठ त्या दिवसापुरते रिकामे ठेवून सगळ्यांनी अर्धगोलात बसावे. दुसरा माईक महिलांच्या बाजूला असावा.

चौथी, सूत्रसंचालकाची. चारोळ्या म्हणणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. लांबलेले बोलणे त्याने थांबवावे, मग बोलणारा कितीही ज्येष्ठ असो. जो अजून बोललेला नाही, त्याला आधी संधी द्यावी.

पाचवी, नोंदवहीची. काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत, एवढे तीन रकाने पुरेत. पुढच्या वर्षीची सभा त्या वहीच्या वाचनानेच सुरू व्हावी. काम झाले नसेल तर तसेही सांगावे.

काही ज्येष्ठांना शंका आहे, की यातून भांडणे होतील. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की आवाज चढतो, हे आम्हीही पाहिले आहे. त्यासाठी एकच नियम असावा: मुद्द्यावर बोला, माणसावर नको. कन्नड बोलणारे शेजारी आरतीला येतातच, ते चर्चेलाही बसोत. भांडणाच्या भीतीने सभा गप्प ठेवली, तर तरुण मुले खांबाजवळून निघून बाहेर जातील आणि तिथे बोलतील. ते आपल्याला ऐकूही येणार नाही.

यंदा चर्चेला विषय एकच: गेल्या वर्षी राहिलेला त्या सूनबाईंचा प्रश्न. रोज संध्याकाळी मुलांना अर्धा तास वाचायला कोण बसवणार, कुणाच्या पडवीत, पुस्तके कुणाच्या घरातून येणार, हे उद्या आरतीनंतर ठरवू. पेटी आजपासून दारात ठेवली आहे. घरी जाताना एक चिठ्ठी जरूर टाका.

मंगलमूर्ती मोरया!