भीमेच्या खोऱ्यातली जुनी माणसं



चाकणहून नाशिक रस्त्याला लागलं की राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव मागे पडतं आणि पुढे जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी हे गाव लागतं. अश्मयुगाचे जगभरचे अभ्यासक हे नाव ओळखतात. तिथं नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ही राख सह्याद्रीतली नाही, सुमारे तीन हजार किलोमीटरवरच्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची आहे. तिच्याबरोबर माणसानं घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडीही मिळाल्या. राख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की त्याहून कित्येक लाख वर्षं जुनी, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

हत्यारं मिळाली, पण ती घडवणारा माणूस कुठं आहे? बोरीला त्याचं हाड मिळालं नाही. भारतात तसं फार थोडं मिळालंय. १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोऱ्याला सापडलेला कवटीचा भाग, हा त्यातला सर्वांत मोलाचा ठेवा.

खरं तर हाडाचा एवढासा तुकडाही खूप काही सांगू शकतो. सैबेरियातल्या थंड डेनिसोव्हा गुहेत बोटाच्या हाडाच्या एका तुकड्यातल्या डीएनएवरून २०१० मध्ये एक अज्ञात मानवगट उजेडात आला. त्या कामाचे प्रणेते स्वान्ते पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. आपल्याकडचं ऊन आणि पाऊस मात्र डीएनए टिकू देत नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांच्या पथकानं हरियाणात राखीगढीला उत्खनन केलं. ६० हून अधिक नमुने तपासले, तेव्हा कुठं एका स्त्रीच्या सांगाड्यातून वाचण्याजोगा डीएनए हाती लागला. २०१९ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या स्त्रीत मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नव्हता. आज तो कमी-अधिक प्रमाणात बहुतेक भारतीयांत आहे, म्हणजे ती मिसळण नंतरची.

मला मात्र सर्वांत जवळचं वाटतं ते शिरूर तालुक्यातलं इनामगाव. कुकडी ज्या घोड नदीला मिळते, तिच्या काठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती, आणि घरांच्या जमिनीखालीच दफनं! लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेलं. मोठ्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आपल्या माणसाला मरणानंतरही उंबऱ्याआत धरून ठेवण्याची ही धडपड वाचताना मला भरून येतं. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी त्या हाडांचा आणि दातांचा बारकाईनं अभ्यास केला. डीएनए नसला तरी लोक काय खात आणि मुलांची वाढ कुठं खुंटत असे, हे दात सांगतात.

पिंपरी-चिंचवडची पवना असो, इंद्रायणी असो, की बोरीची कुकडी, सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेत जातं. याच खोऱ्यात आज शेड आणि रस्त्यांसाठी जेसीबी चालतात. पाया खणताना घडवलेला दगड, राखेचा पट्टा किंवा जुना रांजण दिसला, तर तो उचलू नका. काम थांबवा, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. वस्तू नंतर संग्रहालयात ठेवता येते, पण ती कोणत्या थरात होती हे एकदा हरवलं की तिचं वय काढणं जवळजवळ अशक्य होतं.