मँड्रेकचे मूळ



कामगार चळवळीतला माणूस झाडपाल्यावर काय बोलणार, असे आपल्या मनात आले असेल. मी वैद्य नव्हे. परंतु या मुळीची कथा वाचताना मला मालक-मजुराचा वास आला, म्हणून हा विषय घेतला.

मँड्रेक भूमध्य समुद्राभोवती उगवते. आपल्या वांग्याच्या, धोत्र्याच्या कुळातली. मूळ जाडजूड, पुष्कळदा खाली दुभंगलेले. एवढ्यावरून लोकांनी त्यात माणूस पाहिला. उपटताना ते किंकाळी फोडते आणि ऐकणारा मरतो, अशी समजूत पसरली. मग तोड काय? मुळाला कुत्रा बांधायचा आणि धन्याने चालू लागायचे. कुत्रा धन्यामागे धावतो, मूळ निघते, कुत्रा मरतो. पहिल्या शतकातल्या जोसेफस या इतिहासकाराने बाअरास नावाच्या मुळीविषयी हेच लिहून ठेवले आहे. मूळ धन्याला, मरण कुत्र्याला! ही वाटणी आम्हांला चांगली ओळखीची आहे.

भीती वाढली की भावही वाढतो. इंग्लंडात ब्रायनी नावाच्या वेलीचे मूळ कोरून, त्याला माणसाचा आकार देऊन भोळ्या लोकांच्या गळ्यात मारीत. १५९७ साली जॉन जेरार्डने आपल्या ग्रंथात साफ लिहिले, की मी आणि माझ्या नोकरांनी अशी कितीतरी मुळे खणली आणि पुन्हा लावली. खणणाऱ्या नोकरांची आठवण त्याने ठेवली, हे मला विशेष वाटते. पण सगळ्यांनाच हे हसण्यावारी नेता आले नाही. १४३१ साली जोन ऑफ आर्कवर जे आरोप ठेवले, त्यांत ही मुळी जवळ बाळगल्याचाही होता. तिने तो नाकारला. त्याच वर्षी तिला जाळले.

आता औषधाचे. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस सांगतो, की शस्त्र चालवण्यापूर्वी रोग्याला या मुळीचे मद्य द्यावे. यात थोतांड नव्हते. मुळीत हायोसायमीन व स्कोपोलामीन ही द्रव्ये असतात. त्यांनी गुंगी येते, प्रमाण चुकले तर भ्रम होतो, प्राणही जातो. अडचण अशी, की प्रत्येक मुळीत त्यांचे प्रमाण सारखे नसते. झोपलेला उठेल की नाही, याची हमी कोण देणार? १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरची भूल यशस्वी करून दाखवली, तेव्हा वैद्यांना अधिक भरवशाचे साधन मिळाले.

स्कोपोलामीन मात्र निकामी झाले नाही. प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे जी छोटी पट्टी चिकटवतात, तिच्यात तेच असते, अगदी मोजून घातलेले. आणि आपल्या उकिरड्यावरच्या धोत्र्यातही तेच असते, न मोजलेले.