बाटली पाळी सुटल्यावर भरा

(धाराशिव इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)

दोस्तहो,

मी गोदी कामगार. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. कविता लिहितो, पण आज कविता वाचणार नाही. आज मुताबद्दल बोलणार आहे. हसा. हसून झालं की ऐका.

नळदुर्ग-उमरगा हायवेच्या कडेला गाड्यांना रंगाचा फवारा मारणारी पोरं कोणाची? तालुक्याच्या गावात सॉल्व्हंट शाईवर जयंतीचे फ्लेक्स छापणारी पोरं कोणाची? धारावीच्या माळ्यावर बसून सोल्युशननं चपलेचे तळ चिकटवणारे हात कोणाचे? ऊसतोड नको म्हणून गाव सोडलेली ही आपलीच माणसं. थिनर, शाई, सोल्युशन. दिवसभर तो वास डोक्यात चढतो. संध्याकाळी डोकं जड, तोल जातो, भूक मेलेली. घरी आई म्हणते, पोरगं पिऊन आलं. पोरगं थेंबभर प्यालेलं नसतं. पण हे सिद्ध कोण करणार?

मूत करतं.

थिनरात बऱ्याचदा टोल्युईन असतं. ते श्वासातून रक्तात जातं. उघड्या हातानं थिनरची चिंधी पिळली तर कातडीतूनही जातं. लिव्हर त्याचं रूप बदलतं. बराचसा भाग हिप्प्युरिक ॲसिड होऊन आणि अगदी थोडा ऑर्थो-क्रेसॉल होऊन लघवीतून बाहेर पडतो. हवा मोजणारं यंत्र फक्त हवा सांगतं. लघवी सांगते की अंगात किती गेलं. मालक म्हणतो, मास्क दिला होता. मास्क खरंच कामाचा होता का, ते बाटलीत दिसतं.

पण बाटलीलाही खोटं बोलायला लावता येतं. ते कसं, हे आपल्याला कळलं पाहिजे.

पहिली गोष्ट. नेहमीची लघवी तपासणी साखर बघते, अल्ब्युमिन बघते. तिला सॉल्व्हंट दिसतच नाही. त्या कागदावर 'नॉर्मल' लिहिलं असेल तर ते साखरेबद्दल लिहिलेलं आहे, थिनरबद्दल नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. टोल्युईनचा माल अंगातून लवकर निघून जातो, बराचसा एका दिवसात. मुंबईत एका ठेकेदारानं सोमवारी सकाळी, काम सुरू होण्याआधी, आमच्या बाटल्या भरून घेतल्या. रविवारची सुट्टी झालेली, अंग धुऊन निघालेलं. सगळे पास! नमुना घ्यायचा तो पाळी सुटताना. आणि तोही कपडे बदलून, हात धुऊन, रंगाच्या खोलीबाहेर. नाहीतर हातावरचं थिनर बाटलीत पडतं आणि मालकाला आयतं निमित्त मिळतं.

तिसरी गोष्ट. बाटलीबंद सरबतात, कोल्ड्रिंकात सोडियम बेंझोएट घालतात. त्याचंही शरीरात हिप्प्युरिक ॲसिडच होतं. चहानंही ते वाढतं. म्हणून मालक म्हणू शकतो, हा तर चहा प्याला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेनं टोल्युईनसाठी हिप्प्युरिक ॲसिडचं माप सोडून दिलं आणि ऑर्थो-क्रेसॉल धरलं. त्याची मर्यादा एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 0.3 मिलिग्रॅम. क्रिएटिनिन कशाला? कोणी तांब्याभर पाणी पितो, कोणी घोटभर. लघवी पातळ-घट्ट होते. क्रिएटिनिनच्या हिशेबानं ती बरोबरीला आणतात. विडी-सिगारेटनंही क्रेसॉल वाढतं, तेव्हा कोण ओढतो हे लिहून घ्यावं लागतं.

चपलेच्या सोल्युशनात एन-हेक्झेन असलं तर गोष्ट वेगळी. त्यानं हातापायाच्या नसा मरतात. जपानात घरोघर चपला चिकटवणाऱ्यांचे पाय लुळे पडू लागले. 1969 साली यामामुरा यांनी असे 93 रोगी नोंदवले. हेक्झेनसाठी लघवीत 2,5-हेक्झेनडायोन शोधतात. ते आठवडाभर साचत जातं, म्हणून बाटली आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर भरावी.

आता कायदा. 1984 ला भोपाळ झालं. माणसं मेल्यावर, 1987 साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियेतल्या कामगाराची आरोग्य नोंद ठेवायची आणि ती त्याला बघू द्यायची, असं ठरलं. त्याच वेळी टोल्युईनची हवेतली मर्यादा 100 पीपीएम ठरली. एसीजीआयएचनं 2007 साली ती 20 वर आणली. आमचं लिव्हर काय पाचपट मजबूत आहे?

आणि हा कायदा तरी कोणाला? विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले तर तो कारखाना. 2020 च्या संहितेनं हा आकडा वीस केला आणि ती नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. गॅरेजात चार पोरं, फ्लेक्सच्या दुकानात दोन, माळ्यावर बाप आणि लेक. आपण कुणाच्याच मोजणीत नाही. गावकुसाबाहेर होतो, आता कायद्याच्या व्याख्येबाहेर आहोत.

आपल्या बापजाद्यांना दुसऱ्यांची घाण उचलायला लावली. आज आपलंच मूत आपला पुरावा आहे. त्याची लाज बाळगू नका.

धाराशिवला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं अर्ज द्या. गॅरेजातली, छापखान्यातली पोरं न्या. सांगा, पाळी सुटल्यावर नमुना घ्या, चाचणीचं नाव कागदावर लिहा. इथं यंत्र नसेल तर अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, नमुने तिकडं पाठवा म्हणा. डब्याचं लेबल वहीत उतरून ठेवा. रिपोर्टची प्रत स्वतःकडं ठेवा, मालकाच्या कपाटात नको.

आणि एक अट घाला. आकडा जास्त आला तर पोराला कामावरून काढायचं नाही. पंखा लावायचा, थिनर बदलायचं. चाचणीत नापास होते ती जागा, पोरगं नाही.

जय भीम.